कासराभर दिवस

मॅडमबद्दल लिहायचं तर शेवटापासून सुरुवात करायला हवी, कारण त्या स्वतः सगळं शेवटापासूनच करायच्या. मला ते जमेल असं वाटत नाही. मी आपली जसं आठवेल तसं लिहिते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आठवड्यातले दोन दिवस प्रत्यक्ष कामाला जावं लागतं. मला नगरमधलं एक मोठं हॉस्पिटल मिळालं, आणि हॉस्पिटलमध्ये जिन्याखालची एक छोटी खोली. दारावर पाटी होती, ‘अवयवदान समन्वयक’. समन्वयक नेमकं काय करतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी घाबरत घाबरत विचारलं.

“लोकांना वाटतं अवयव डॉक्टर देतात,” मॅडम म्हणाल्या. “देतात घरचे. काढतात डॉक्टर. ह्या दोघांच्या मध्ये जी वेळ असते ती माझी.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. एखाद्याचा मेंदू कायमचा थांबतो, पण मशीनच्या जोरावर छाती हलत राहते. चार डॉक्टर सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासतात आणि माणूस गेला असं लिहून देतात. घरच्यांनी हो म्हटलं तर कोणत्या गावातल्या कोणत्या पेशंटला काय जाणार हे ठरतं, तिकडून डॉक्टरांची टीम येते, ऑपरेशन होतं, बर्फाच्या पेट्या निघतात. एकदा बाहेर काढलेलं यकृत काही तासांत दुसऱ्याच्या पोटात बसायला हवं. “ह्यात एकानं जरी ‘आलोच’ म्हणून चहा घेतला,” मॅडम म्हणाल्या, “तर तिकडे कोणीतरी टेबलावर नुसतं पडून राहतं.”

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी माझी परीक्षा घेतली. “मला चार वाजता समोर गरम चहा हवा. तू कँटीनला किती वाजता जाशील?”

“चार वाजता,” मी म्हणाले.

“मग मला चहा चार वाजून चौदा मिनिटांनी मिळेल. चारला कप इथे. त्याच्या आधी जिना, दोन मिनिटं. हातात कप असल्यामुळे अजून एक. त्याच्या आधी रांग. आणि कँटीनवाला भाऊ तुला तुझं गाव विचारणार, त्याची चार मिनिटं.”

मी पावणेचारला गेले. भाऊंनी खरंच गाव विचारलं. तीन अठ्ठावन्नला कप टेबलावर होता. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि हात मांडीवर ठेवून दोन मिनिटं तशाच बसून राहिल्या. चार वाजले तेव्हा पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, “शिकशील.”

त्या मुळात टेलिफोन ऑपरेटर. अठरा वर्षं हॉस्पिटलच्या बोर्डावर बसल्या, मग प्रशिक्षण घेऊन इकडे आल्या. माणूस दिसायच्या आधी त्यांना आवाज दिसायचा. फोनवर खोटं बोलणं त्यांच्यापुढे अशक्य होतं, आणि आमच्या जिल्ह्यात फोनवर खरं बोलायची पद्धत फारशी नाही. मॅडमचं यावर पक्कं मत होतं. “‘निघालो’ म्हणजे अंघोळीला निघालो. ‘आलोच’ म्हणजे चप्पल शोधतोय. ‘पोचलोच’ म्हणजे आता निघालो. आणि ‘पाच मिनिटात’ म्हणजे पुन्हा विचारू नका.”

म्हणून त्या कोणालाच ‘कुठे आहेस?’ असं विचारायच्या नाहीत. त्यांचा प्रश्न एकच. “समोर काय दिसतंय?”

अँब्युलन्सच्या एका ड्रायव्हरदादांशी झालेलं बोलणं मी स्वतः ऐकलंय.

“मॅडम, निघालो.”

“समोर काय दिसतंय?”

“समोर... रस्ता.”

“रस्त्यावर मालिका लागते का रे? सासू रडतीय मागे.”

मालिकेचा आवाज बंद झाला.

“काच खाली कर आणि हॉर्न वाजव.”

थोडी धावपळ ऐकू आली. मग हॉर्न वाजला.

“हा तुझ्या मोटारसायकलचा आहे,” मॅडम म्हणाल्या. “गाडीत बस, मग वाजव.”

घरीसुद्धा हेच. त्यांचे मिस्टर फार कमी बोलायचे. दुपारी मॅडम फोन लावायच्या, “समोर काय दिसतंय?” तिकडून ते म्हणायचे, “मेथी,” आणि फोन ठेवायचे. मॅडम समाधानानं मान हलवायच्या. माणूस मंडईत पोचलाय, आणि भाजी काय होणार तेही कळलं.

दर सोमवारी त्या हॉस्पिटलमधली सगळी घड्याळं लावायच्या. स्टुलावर चढायच्या, वॉर्डातल्या मावशी स्टूल धरायच्या आणि म्हणायच्या, “बाई, पडाल. घड्याळ दोन मिनिटं मागं ऱ्हायलं तर कोण मरतंय का?” मॅडम वरूनच उत्तर द्यायच्या, “मेलेला माणूस किती वाजता मेला हे दोन घड्याळं दोन सांगायला लागली, तर मी कागदावर काय लिहू, मावशी?”

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. मॅडमच्या टेबलावर पंचांग असायचं. फोनच्या शेजारी, रोज हात लागून मळलेलं, मधेमधे चिठ्ठ्या घातलेलं. मी नुकतीच शिकायला लागलेली, वर्गात वैज्ञानिक दृष्टिकोनावर निबंध लिहून बक्षीस मिळवलेलं. मला फार वाईट वाटलं. एवढी हुशार बाई, आणि मुहूर्त बघते? त्या दिवशी मी माझ्या कामाच्या वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सकाळी सव्वादहाला पोहोचले. मार्गदर्शक अंधश्रद्धाळू वाटतात.’

ती वही आठवड्याच्या शेवटी मार्गदर्शकांनाच सहीसाठी द्यायची असते, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

वही परत आली तेव्हा मी जीव मुठीत धरून उघडली. ‘अंधश्रद्धाळू’ जसंच्या तसं होतं. त्याला हातही लावला नव्हता. फक्त ‘सव्वादहा’ लाल पेनानं खोडून वर लिहिलं होतं, ‘दहा बावीस’. खाली सही.

नंतर हळूहळू मला कळलं की पंचांगात त्या लग्नाच्या तिथी बघायच्या, पण रस्त्यासाठी. दाट तिथी असली की पुणे रस्त्यावर कोणत्या मंगल कार्यालयासमोर किती वाजता वरात असणार, हे त्यांना माहीत असायचं. चिठ्ठ्यांवर गावोगावचे आठवडे बाजार आणि यात्रा लिहिलेल्या होत्या. मिरजगावला बाजार, राजूरला बाजार, कुठल्या फाट्यावर कुठल्या वारी गाड्या अडकतात, सगळं. मी ते वाक्य खोडायला गेले तर म्हणाल्या, “राहू दे. त्या दिवशी तुला तसंच दिसलं होतं. दिसलं ते लिहायचं.”

इतकं वाचून कोणाला वाटेल की त्या सारख्या घाई करत असतील. इथेच तर मला त्या नीट सांगता येत नाहीत. ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरच्यांना भेटायला जाण्याआधी मॅडम मनगटावरचं घड्याळ काढायच्या, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या आणि ड्रॉवर बंद करायच्या. मग जायच्या. आधी चहा-बिस्किट यायचं. “उपाशी माणसाला एवढं मोठं विचारायचं नसतं.” मग बसायच्या. तासभर बसायच्या, दोन तास बसायच्या. तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तर चौथ्यांदा तेवढ्याच सावकाश उत्तर द्यायच्या. एकदा एका घरानं सगळं ऐकून घेऊन नाही म्हटलं. मॅडमनी हात जोडले, बाहेर आल्या, घड्याळ बांधलं, आणि त्या लोकांची शववाहिनी अशी लावून दिली की गाडी दाराशी आणि कागद हातात एकाच मिनिटाला. मी म्हटलं, “त्यांनी तर नकार दिला ना?” तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा कधी तसं विचारलं नाही.

आता तो दिवस.

पौष महिना होता. एका बाईंच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. वय पन्नाशीच्या आतबाहेर. मिरजगावच्या पुढे, हायवे सोडून आत त्यांचं गाव. सकाळी दुसरी तपासणी झाली आणि डॉक्टरांनी लिहून दिलं. मॅडमनी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मला बरोबर घेतलं.

बाकावर त्यांचे मालक बसले होते, त्यांना सगळे आबा म्हणत होते. शेजारी बाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा, आणि मामी. मामा बसतच नव्हते.

“डागतर म्हन्ले काय बी उरलं न्हाई,” आबा म्हणाले. “पन छाती तर हलती की, बाई.”

मॅडमनी सांगितलं, मशीन हलवतंय. थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं. चहाचे कप रिकामे झाले. मॅडमनी विचारलं तेव्हा इतक्या हळू विचारलं की मलाही जेमतेम ऐकू आलं.

आबा टोपी हातात घेऊन बसले. “आमच्या घरनं कुनी रिकाम्या हातानं गेलं,” ते म्हणाले, “तर ही माज्याशी दोन दिस बोलत न्हवती. काकडी द्यायची, लिंबं द्यायची. काय नसलं तर कढीपत्त्याची डहाळी तोडून द्यायची. गॅसवाला आला तर त्याला बी शेंगा बांधून द्यायची.” आणि एवढ्या दुःखात ते हसले. “त्यो मेला शेंगांसाटी हप्त्याआधीच टाकी आनायचा. आता ही जाती तर काय तरी दिऊनच जाईल. घ्या, बाई.”

पण मामा पुढे आले. “दाजी, द्या म्हना. माजी ना न्हाई. पन मी ऐकलंय, हितं बॉडी दोन-दोन दिस ठिवत्यात. आमची आई नव्वदीला आली. तिला दिवस बुडाला की काय दिसत न्हाई, हाताला धरून न्यावं लागतं. लेकीचं तोंड तिला दिसलं पायजे. दिवस कासराभर वर असताना अक्का गावात पायजे. न्हाईतर मी सही करू देनार न्हाई.”

दुसरं कोणी असतं तर ‘होईल हो मामा, काळजी करू नका’ म्हणालं असतं. मॅडम म्हणाल्या, “मला अर्धा तास द्या. जमणार नसेल तर जमणार नाही असं सांगेन.”

खोलीत येऊन त्यांनी घड्याळ बांधलं आणि मला विचारलं, “कासराभर म्हणजे किती गं?”

मॅडम नगरच्या पेठेतल्या. त्यांना ते माहीत नसणं साहजिक होतं. मला माहीत होतं, पण असले शब्द मी कॉलेजात आल्यापासून तोंडातून निघू दिले नव्हते. कान गरम झाले माझे. “कासरा म्हणजे बैलाची दोरी, मॅडम. मावळतीपासून दिवस तेवढा वर असला की कासराभर. मावळायला तासभर उरतो. आमच्याकडे तरी.”

“नक्की तासभर?”

“शेळ्या घराकडे वळवायची तीच वेळ. मी दहा वर्षं वळवल्यात.”

“मग नक्की,” मॅडम म्हणाल्या आणि पंचांग उघडलं. मला वाटलं रस्त्याचं बघतात. पौषात लग्नं नसतात, वरातींची भीती नव्हती. पण त्यांचं बोट दुसऱ्याच रकान्यावर थांबलं. सूर्यास्त. सहा अकरा.

नंतर मी ते पंचांग मागे चाळून बघितलं. प्रत्येक दात्याच्या तारखेपुढे त्या रकान्यावर पेन्सिलीनं गोल केलेला होता. पेशंटच्या डॉक्टरांना जी वेळ हवी असते ती फोनवर दहा जण सांगतात. ही दुसरी, घरच्यांची वेळ कोणी सांगत नाही, म्हणून त्या पंचांगात बघायच्या.

त्यांनी कागद घेतला आणि तळापासून वर लिहायला सुरुवात केली. सगळ्यात खाली, ‘पाच दहा. अक्का गावात.’ बॉडी नाही, पेशंट नाही. अक्का. त्याच्या वर, ‘तीन पन्नास. गाडी निघाली.’ त्याच्या वर साडी नेसवणं, हळदीकुंकू. त्याच्या वर ऑपरेशन. त्याच्या वर पुण्याची टीम. कागदाच्या डोक्यावर पोचल्या तेव्हा पुण्याहून निघायची वेळ आली नऊ दहा. त्यांनी घड्याळ बघितलं. आठ पंचवीस झाले होते.

“जमतंय,” त्या म्हणाल्या. “पण कोणालाही अंघोळीला निघता येणार नाही.”

मामांना त्यांनी कागदच दाखवला. “पाच दहा. पण त्या टोकाला मला माणूस हवा. सरण, लाकडं, पाव्हणे, आईंना उजेडात बसवणं, हे सगळं मला इथून दिसत नाही. तुम्ही आत्ता जीप काढून पुढे गेलात तर जमेल. तुम्ही माझा त्या टोकाचा माणूस.”

मामा भांडायच्या तयारीत उभे होते. “व्हय,” ते म्हणाले. आबांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव. मामी थांबल्या, आणि मामा निघाले. खरंच निघाले. मॅडमनी खिडकीतून बघितलं.

यकृत आणि दोन्ही किडन्या पुण्याला जाणार होत्या, डोळे इथल्याच नेत्रपेढीत. नऊ वाजून बारा मिनिटांनी पुण्याच्या मोठ्या सर्जनांचा फोन आला. “मॅडम, निघालो आम्ही.”

“समोर काय दिसतंय, डॉक्टर?”

“...लिफ्टचं दार.”

“दार उघडलं की हॉर्न ऐकवा.”

एवढे मोठे डॉक्टर, पण नऊ चोवीसला हॉर्न वाजला. मॅडमनी लिहून घेतलं.

शिरूरच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी झाली. गळीत हंगाम जोरात, त्याला पंचांगात रकाना नसतो. पस्तीस मिनिटं टीम मोळ्यांच्या मागे उभी राहिली. इकडे मॅडमनी टीम यायच्या आधीच सगळे कागद सह्यांसह तयार ठेवले, आमच्या डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं, आणि पुण्याचे लोक गेटपासून थेट आत गेले. तरी बारा पस्तीस झाले. दार बंद झाल्यावर मॅडम बाहेर स्टुलावर बसल्या आणि एकदाही ‘किती वेळ?’ असं विचारलं नाही. “आत घाई हा शब्द जात नाही,” त्या म्हणाल्या. “आपली मिनिटं बाहेरच शोधायची.”

मामांचे फोन मात्र येत होते. त्यांच्या एका कानाला आमचा फोन आणि दुसऱ्या कानाला गावातला.

“लाकडं कुटवर आली रं?” ते तिकडे ओरडत होते.

“आलोच, मामा!”

“आलोच म्हनू नगं! म्होरं काय दिसतंय ते सांग!”

“बैलाची शेपटी!”

“हॉर्न वाजीव!”

“मामा, बैलगाडी हाय! हॉर्न कुटला आनू?”

“मग घुंगरं ऐकीव!”

आणि आम्हाला नगरमध्ये, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, घुंगरं ऐकू आली. आबा बाकावर बसले होते. त्यांनी मान वर केली. “आमच्याच जोडीची हायत,” म्हणाले. “हिनंच बांधल्यात.” मामी पदरात तोंड घालून हसल्या आणि रडल्याही.

दुपारी मॅडमनी वाहतूक पोलिसांच्या साहेबांना फोन लावला. “साहेब, मला दोन रस्ते मोकळे हवेत. एक पुण्याकडे.”

“तो करतोच आहोत. दुसरा कुठला?”

“मिरजगावकडे. बाईंना घरी पोचवायला.”

साहेब अडखळले. “मयताच्या गाडीला... तसा नियम नाही, मॅडम.”

“नियम असता तर मी विनंती केली नसती, साहेब. जिनं यकृत दिलं ती सिग्नलला उभी, आणि यकृत सुसाट. मला ते बघवणार नाही. आणि तिकडे एक म्हातारी आई दिवसाकडे बघत बसलीय.”

तिकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “किती वाजता?”

“अजून नक्की नाही. निघाली की तुम्हाला हॉर्न ऐकवते.”

तीन पस्तीसला बर्फाच्या पेट्या बाहेर आल्या आणि पुण्याची गाडी गेली. तीन पन्नास झाले. अक्का अजून आतच होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. मामा होते.

“पोरी, निघाली का गं गाडी?”

त्यांच्या मागे बायकांचा आवाज येत होता, आणि एक म्हातारा आवाज सारखं काहीतरी विचारत होता. माझ्यानं राहवलं नाही. “निघाली, मामा,” मी म्हणाले.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “समोर काय दिसतंय तुला?”

मला समोर बंद दार दिसत होतं. मी पुन्हा फोन लावला. “मामा, मी खोटं बोलले. गाडी निघाली नाही. अजून वीस मिनिटं तरी लागतील.”

मला वाटलं आता ते ओरडतील. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. म्हातारीला आत्ताच बाहेर आनून बसवनार हुतो. वाऱ्याला बसली असती मग.”

त्या दिवसापासून मी फोनवर ‘निघाले’ म्हणत नाही. घरचे हसतात.

तीन सत्तावन्नला दार उघडलं. मामी हिरवी साडी, बांगड्या, करंडा, ओला रुमाल घेऊन दाराशीच उभ्या होत्या. मॅडमनी ते दुपारीच मागवून ठेवलं होतं, म्हणजे गावात गेल्यावर आईच्या समोर लेक तयारच यावी. गाडीकडे नेताना पुण्याच्या टीममधले मागे राहिलेले दोघे, आमच्या सिस्टर, मावशी, कँटीनवाले भाऊ, सगळे दोन्ही बाजूंनी उभे राहिले. आबांनी प्रत्येकाला हात जोडले, जसं लग्नाच्या दारात जोडतात तसे. चार बाराला हॉर्न वाजला. मॅडमनी फोन तसाच उचलून साहेबांना ऐकवला.

चार बारा. ठरले होते तीन पन्नास.

मॅडम मागच्या महिन्यात निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी सगळ्या ड्रायव्हरदादांनी गाड्या अंगणात ओळीनं लावल्या आणि एकदम हॉर्न वाजवले. हॉस्पिटलमध्ये तसं चालत नाही, पण त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. मॅडम खिडकीत आल्या, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “डावीकडून तिसरा उशिरा वाजला.” सगळे हसले. मला मात्र त्या वेळी पौषातली ती संध्याकाळच आठवत होती. त्या खोलीत आम्ही दोघी, मधे कागद, आणि कागदावर तळाशी लिहिलेलं पाच दहा.

पाच वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या गाडीचा फोन आला.

“समोर काय दिसतंय?”

“वाघोलीचा रिकामा रस्ता, मॅडम,” ड्रायव्हरदादा ओरडले. “जन्मात पहिल्यांदा!”

मॅडम हसल्या, पण डोळे घड्याळावरच. पाच दहा झाले. मामांचा फोन नाही. पाच बारा. मी खिडकीतून बघितलं, समोरच्या इमारतीमुळे सूर्य दिसत नव्हता. पाच चौदा. मॅडम कागदाच्या तळाशी पेननं हळूहळू टिंबं काढत होत्या. पाच सतराला फोन वाजला. स्क्रीनवर मामा.

“सात मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. इतका पडलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “सात मिनिटं मला सापडली नाहीत.”

मी फोन उचलायला गेले तर त्यांनी मला हातानं थांबवलं. मनगटावरचं घड्याळ काढलं. ड्रॉवर उघडून आत ठेवलं, ड्रॉवर बंद केला. मग फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला. मी वाट बघत होते की आता त्या हॉर्न मागतील. त्यांनी मागितला नाही.

“मामा,” त्या म्हणाल्या, “समोर काय दिसतंय?”

मागे घुंगरं एकदा वाजली. मग त्यांचा आवाज आला, दुसऱ्याच कोणाचा तरी वाटावा असा मऊ.

“अक्का दिसती, बाई. आई तिच्या तोंडावरनं हात फिरवती. गाडी फाट्याकडून आली न्हवं, तर गाडीच्या मागं दिवस हाय, सगळा उजेड अक्काच्या तोंडावर पडलाय.” ते थांबले. “कासराभर हाय, बाई. चांगला कासराभर हाय.”